निकोलासाला आणायचं होतं

माझी बायको ओब्दुलिया वारली ते मला कळलं तेव्हा मी छपरावर होतो. कूलरचा पट्टा तुटला होता आणि तो बदलायला सकाळी तिनेच मला वर चढवलं होतं. "मी परत येईन तेव्हा घर गार झालेलं पाहिजे," असं म्हणून ती गाडी घेऊन लास मोरासला निकोलासाकडे गेली. आमची नात ब्रिसेइदा पंधरा वर्षांची होणार होती. तिचा झगा निकोलासा शिवत होती, आणि ओब्दुलियाने लक्ष घातल्याशिवाय तो नीट होणार नाही अशी ओब्दुलियाची खात्री होती.

दुपारी खिशातला फोन वाजला.

"कोंपाद्रे, खाली बसा," निकोलासा म्हणाली.

"मी छपरावर आहे."

"मग आधी उतरा. सावकाश उतरा."

मी उतरलो. शिडी धरून उभा राहिलो आणि म्हणालो, "बसलो." तेव्हा तिने सांगितलं. कुठली लेस लावायची यावरून दोघींचं भांडण चाललं होतं. ओब्दुलियाला रुंद लेस हवी होती, निकोलासाला अरुंद. बोलता बोलता ओब्दुलियाने टेबलावर डोकं टेकलं. निकोलासाला आधी वाटलं, ही रुसली.

निकोलासा ब्रिसेइदाची माद्रीना, म्हणजे धर्मआई. बाप्तिस्म्याच्या वेळी ब्रिसेइदाला तिने हातात धरलं होतं. तेव्हापासून ती आमची कोमाद्रे आणि मी तिचा कोंपाद्रे. ती मेक्सिकोतल्या ओआहाकाकडची, तरुणपणी इकडे अमेरिकेत आली. तिच्याजवळ इथे राहण्याचे कागद नाहीत. त्या दिवशी तिनेच रुग्णवाहिका बोलावली. शेजारीण तिला सांगत होती, "अगं, त्यांच्याबरोबर पोलीस येईल, तू मागच्या दाराने निघ." ती निघाली नाही. मी पोचलो तेव्हा ती ओब्दुलियाचा हात धरून जमिनीवर बसली होती, बोटात शिवणाचं अंगुस्तान तसंच. पोलीस दाराशी टोपी हातात घेऊन उभा होता. त्याने तिला काही विचारलं नाही.

अंत्यविधी आमच्या गावात, ओहो सेकोला झाला. निकोलासा आली नाही. त्याच आठवड्यात अ‍ॅरिझोनात नवा कायदा लागू झाला होता. गाडी काही कारणाने थांबवली आणि माणूस बेकायदा आलेला असल्याचा संशय आला, तर पोलिसाने त्याचे कागद तपासायचे. संशय कशावरून घ्यायचा ते आमच्याकडे कुणी कुणाला विचारलं नाही. ज्याच्या घरात आरसा होता त्याला कळलं. थांबवायला कारणही मोठं लागत नाही. मागचा दिवा मिणमिणतो, नंबरप्लेटवर धूळ आहे, आरशाला जपमाळ टांगली आहे म्हणून समोरचं दिसत नाही. लास मोरास ते ओहो सेको हा एकच रस्ता, आणि त्या रस्त्यावर शेरीफची गाडी रोज उभी. नऊ दिवसांची प्रार्थना निकोलासाने फोनवरून केली. आम्ही फोन मेणबत्त्यांच्या मधे ठेवायचो आणि तिचा आवाज सगळ्यांच्या वर ऐकू यायचा. तिला वाटायचं, फोन लांब आहे म्हणजे ओरडावं लागतं.

ओब्दुलिया गेल्यावर मी ब्रिसेइदाच्या पंधराव्या वाढदिवसाचा समारंभ रद्द करायला निघालो होतो. माझ्या मुलीने, रोसाउराने, मला स्वयंपाकघरात उभं करून सांगितलं, "बाबा, आईने हॉल ठरवला, गाणारे ठरवले, तुमची पँट घट्ट होते म्हणून नवी आणून ठेवली. रद्द केलंत तर ती मला झोपू देणार नाही." त्यामुळे समारंभ ठरल्याप्रमाणे.

पण आमच्यात एक रीत आहे. मुलीच्या पंधराव्याला प्रत्येक वस्तूचा एक धनी असतो. बुटांची माद्रीना वेगळी, केकची वेगळी, मुकुटाची वेगळी. ज्याने जे दिलं ते त्याने चर्चमध्ये स्वतःच्या हाताने मुलीच्या अंगावर चढवायचं. वस्तू पाठवून भागत नाही, माणूस यावा लागतो. मुकुट ओब्दुलिया ठेवणार होती. तो मान आता कुणाचा, असं रोसाउराने विचारल्यावर ब्रिसेइदा विचार न करता म्हणाली, "माद्रीना निकोलासाचा. आजीचा हात शेवटी तिनेच धरला होता."

"बाळा, तिला या रस्त्याने येता येत नाही," रोसाउरा म्हणाली. "आपण फोनवर तिचा चेहरा दाखवू. मुकुट मी ठेवते."

"मग मी चर्चच्या पायरीवर बसते. तुम्ही सगळे आत जा, केक खा."

"ही कुणावर गेलीय?" रोसाउराने मला विचारलं. ज्या खुर्चीवर ब्रिसेइदा हात बांधून बसली होती ती ओब्दुलियाचीच होती, आणि हात बांधण्याची तऱ्हाही तिचीच.

झगाही अजून निकोलासाकडे होता. म्हणजे निकोलासा आली नाही तर झगा नाही, मुकुट नाही आणि मुलगीही पायरीवर. मी म्हणालो, "मी आणतो तिला."

संध्याकाळी अंगणात मेस्कीतच्या झाडाखाली माझे दोन मित्र मांस भाजत होते. निकानोर सैन्यात होता, इथेच जन्मला, रंग माझ्यापेक्षाही गडद. कायदा आल्यापासून त्याला इतक्या वेळा थांबवलं होतं की तो परवाना दातात धरूनच गाडी चालवतो असं त्याची बायको म्हणायची. दुसरा कासिमीरो. तो मेक्सिकोतल्या सोनोराचा, गोरा, हिरव्या डोळ्यांचा. गावात सगळे त्याला गोरोबाच म्हणतात. तो न्हावी आहे. शेरीफची माणसंसुद्धा त्याच्याकडेच केस कापतात. तारुण्यात सरहद्दीच्या तारेखालून आला तेव्हापासून त्याच्याजवळ एकही कागद नाही, हे गावातल्या कुत्र्यांनाही माहीत आहे. त्याला आजवर कुणी थांबवलेलं नाही.

"मी सकाळी जाऊन निकोलासाला घेऊन येतो," मी म्हणालो.

निकानोरने चिमटा खाली ठेवला. "तू? आरशात बघितलंस का स्वतःला? तुझं तोंड बघून पाद्रीसुद्धा कागद मागेल. थांबवलं तर तू सुटशील, तिला मेक्सिकोला परत पाठवतील. आणि बिनकागदाच्या माणसाला गाडीत बसवलं म्हणून तुलाही धरतील."

"मग काय करू? पाठीवर घेऊन डोंगरातून आणू?"

"तुझ्या पाठीला ती आधी नावं ठेवेल."

कासिमीरो तव्यावरच्या पोळ्या उलटत होता. तो मान वर न करता म्हणाला, "मी आणतो."

मग निकानोर म्हणाला, "गोरोबा, तू सापडलास तर तूही तिच्याबरोबर जाशील. तिकडे आहे कोण तुझं?"

"बहीण आहे. तिचा स्वयंपाक वाईट आहे, म्हणून मी सापडणार नाही." त्याने पोळी फडक्यात गुंडाळली. "मला कुणी थांबवत नाही रे. इतकी वर्षं झाली. तुम्ही रोज येऊन सांगता, आज मला थांबवलं, आज मला थांबवलं. मी बसतो मुकाट्याने ऐकत. खरं सांगू, कधीकधी एकटं वाटतं."

निकानोर इतका हसला की त्याला ठसका लागला. आणि त्या ठसक्यातच बेत सुचला. रस्त्यावर पोलीस एकच असतो. त्याला थांबवायला कुणीतरी हवंच असतं. तर मग त्याला आम्ही दोघं मिळायला हवे. निकानोर पुढे जाईल, सगळे कागद घेऊन, आणि ते एकेक करून सावकाश दाखवेल. मी त्याच्या मागे, तो निसटला तर माझी पाळी. तेवढ्यात गोरोबा निकोलासाला घेऊन शेजारून निघून जाईल.

शनिवारी सकाळी निकानोर आला तेव्हा त्याच्याजवळ जाडजूड पाकीट होतं. जन्माचा दाखला, सैन्याचा दाखला, बाप्तिस्म्याचा दाखला, मासेमारीचा परवाना आणि त्याच्या बायकोचा गुडघ्याचा एक्स-रे.

"एक्स-रे कशाला?"

"वेळ कमी पडला तर."

माझ्या आरशाला मी दोन जपमाळा, ब्रिसेइदाचे लहानपणीचे बूट, प्लॅस्टिकची कुमारी माता आणि रोसाउराने जत्रेत जिंकलेले ठिपक्यांचे केसाळ कापडी फासे टांगले. समोरचं खरंच दिसत नव्हतं. रोसाउरा दारात उभी राहून म्हणाली, "बाबा, आई असती तर..." आणि तिला हसू आवरेना. तिला हसताना मी कित्येक दिवसांनी बघत होतो.

जाताना रस्त्यावर शेरीफची गाडी अजून आली नव्हती. लास मोरासला निकोलासा तयार होऊन उभी होती. झगा बघून आम्ही तिघंही थक्क झालो. तो घोळदार झगा घडी करता येत नव्हता. गाडीच्या डिकीत टाकू म्हटल्यावर निकोलासाने कासिमीरोकडे असं बघितलं की तो दोन पावलं मागे सरकला.

"डिकीत? सुरकुत्या पडतील. मी मांडीवर घेते."

ती मागच्या सीटवर बसली आणि आम्ही झगा तिच्या मांडीवर ठेवला. मांडीवर म्हणजे मांडीपासून छपरापर्यंत. निकोलासा दिसेनाशी झाली. आतून आवाज आला, "खिडकी थोडी उघडा, मी अजून जिवंत आहे." झग्याच्या काठाला रुंद लेस होती. मी ती बघितली. निकोलासाला ते कळलं असावं, कारण जाळीच्या आतून ती म्हणाली, "तिचंच बरोबर होतं, कोंपाद्रे. अरुंद लेस दरिद्री दिसली असती."

निकानोर निघाला. मी मागे अंतर ठेवून. पेट्रोल पंपाच्या पुढे, नेहमीच्या वळणावर, शेरीफची गाडी उभी होती. निकानोरचा मागचा दिवा आम्ही सकाळीच काढून ठेवला होता. पोलिसाने त्याला बाजूला घेतलं. मी हळू झालो आणि मनातल्या मनात म्हटलं, आता दाखव बाबा तुझे दाखले. मी शेजारून गेलो आणि आरशातल्या फाशांच्या फटीतून मागे बघितलं, तर निकानोर पुन्हा निघालेला! थोड्या वेळाने तो मला गाठून हॉर्न वाजवत शेजारी आला आणि खिडकीतून ओरडला, "सोडलं मला! पाकीट उघडूसुद्धा दिलं नाही! म्हटलं, साहेब, बाकीचे बघा की. तर म्हणतो, गरज नाही, सर, दिवा बदलून घ्या. सर म्हणाला मला! सगळा उन्हाळा छळलं आणि आज सर!"

मी वळून परत मागे गेलो आणि पेट्रोल पंपाशी पुन्हा गावाकडे वळलो. आता माझीच पाळी होती. रस्त्याच्या मधोमध, बैलगाडीच्या वेगाने, खिडकी उघडी टाकून मोठ्याने गात मी त्या पोलिसाच्या समोरून गेलो. तो लगेच मागे आला. तरुण पोरगा होता, उन्हाने नाक लाल झालेला.

"आरशाला बरंच काही टांगलंय, सर."

"नातीचं पंधरावं आहे."

परवाना दिला. त्याने तो उलटसुलट केला. "तुम्ही मूळचे कुठले?"

"इथलाच."

"म्हणजे त्याच्याआधी?"

"तुमच्या मागे पाटी आहे, बघा."

तो वळला. पाटीवर लिहिलं होतं, बोहोर्केस रस्ता. त्याने परवान्यावरचं माझं आडनाव वाचलं, मग पुन्हा पाटी वाचली. "हे तुमचे कोण?"

"पणजोबा. ते इथून गुरं न्यायचे. वाटेत कुणी थांबवायचं नाही म्हणून वेळेवर पोचायचे."

पोरगा हसला, पण म्हणाला, "नंबर तर तपासावा लागेल," आणि आपल्या गाडीकडे निघाला. एवढ्यात मागून कासिमीरोची गाडी आली. मी आरशावरचे फासे बाजूला सारून बघितलं. मागच्या दारातून पांढरी रुंद लेस बाहेर आली होती आणि गाडीच्या बाजूने फडफडत होती. पोलिसाने ती बघितली. त्याने हात वर केला.

कासिमीरो थांबला. मी गाडीतच बसलेला, दाराच्या मुठीवर हात. उतरून मधे पडलो तर संशय, नाही पडलो तर ती दोघंही जातील. ब्रिसेइदा पायरीवर बसलेली मला दिसत होती. मला त्या क्षणी ओब्दुलिया शेजारी हवी होती. काय करायचं ते तिला नेहमी माझ्याआधी कळायचं.

"काय कॅस!" पोलीस आपल्या न्हाव्याला ओळखून म्हणाला. "दारात काहीतरी अडकलंय तुझ्या."

"हो का?" कासिमीरो म्हणाला. त्याचं इंग्रजी एवढंच आहे, पण तो ते फार छान हसून बोलतो.

पोलिसाने स्वतःच दार उघडलं. त्याने लेस गोळा केली आणि मूठभर चिंधी कोंबावी तशी आत कोंबायला लागला. तेव्हा झग्याच्या आतून एक सावळा हात बाहेर आला आणि त्याच्या मनगटावर चापट बसली.

"हळू!" निकोलासा स्पॅनिशमध्ये ओरडली. "आंधळा आहेस का? सुरकुत्या पडतील!"

मी डोळे मिटले.

"सॉरी, मॅडम," मला ऐकू आलं. डोळे उघडले तर तो पोरगा लेस बोटांनी सरळ करत होता, घडीवर घडी ठेवून, जीभ दातात धरून. मग त्याने दार हळूच लावलं आणि कासिमीरोला विचारलं, "सोमवारी दुकान उघडं आहे ना?"

"हो का," कासिमीरो म्हणाला आणि गाडी चालू केली.

त्याने ओळखलं की नाही, यावर आमचं एकमत नाही. निकानोर म्हणतो, गोऱ्या माणसाच्या गाडीतली बाई म्हणजे मॅडमच, त्याच्या डोक्यात दुसरं काही आलंच नाही. रोसाउरा म्हणते, त्याला सगळं कळलं होतं. मला माहीत नाही. मला त्याने माझा परवाना परत दिला, "आरसा मोकळा करा, सर," म्हणाला आणि आपल्या मनगटाकडे बघत गाडीत जाऊन बसला.

चर्चच्या पायरीवर ब्रिसेइदा खरंच बसली होती, जीन्स घालून, केसांत पिना खोचलेल्या. कासिमीरोची गाडी वळताना दिसली तशी ती किंचाळली आणि धावत सुटली. निकोलासाला बाहेर काढायला तिघं लागले. ती बाहेर आली तेव्हा तिच्या केसांना चमकी लागली होती आणि पहिलं वाक्य होतं, "हे काय? अजून आंघोळ नाही केलीस?"

चर्चमध्ये निकोलासाने मुकुट वाकडा ठेवला. पाद्री थांबले, सगळे थांबले. ब्रिसेइदा गुडघ्यावर होती, ती वर बघून कुजबुजली, "माद्रीना, आजी असती तर आत्ता ओरडली असती." निकोलासाने नाक पुसलं आणि मुकुट सरळ केला. मी पहिल्या बाकावर नवी पँट घालून बसलो होतो. शेजारची जागा आम्ही रिकामी ठेवली होती. पँट सैल होती. ओब्दुलियाने आणली तेव्हा बरोबर बसत होती.

हॉलमध्ये अकॉर्डियन सुरू झालं तशी म्हाताऱ्यांची हाडंसुद्धा जागी झाली. लोकांनी भाजलेलं मांस खाल्लं, तामाले खाल्ले, लहान पोरांनी केकच्या मागच्या बाजूला बोटं घातली. निकानोर प्रत्येक टेबलावर जाऊन आपलं पाकीट उघडून दाखवत होता, आणि लोकही त्याच्या समाधानासाठी दाखले वाचत होते. गुडघ्याचा एक्स-रे हातोहात फिरला. कासिमीरोला बाकानोरा दारू चढली होती. तो माझ्या खांद्यावर डोकं ठेवून म्हणाला, "बघितलंस फिदेन्सियो? मला थांबवलं, दार उघडलं, तरी माझा परवाना नाही मागितला. नावसुद्धा नाही विचारलं."

"अरे, तुझ्याजवळ परवानाच कुठे आहे?"

"ते त्याला काय माहीत? विचारायला काय जात होतं?"

ब्रिसेइदाने मला नाचायला ओढलं. मी म्हणालो, मला येत नाही, मला तुझी आजी ढकलायची तसा मी जायचो. "मग मी ढकलते," ती म्हणाली. आम्ही नाचलो. मला हसू येत होतं आणि डोळेही भरून येत होते. दोन्ही एकदम होतात, हे मला माहीत नव्हतं. निकोलासा भिंतीशी बसून लोकांच्या कपड्यांच्या शिलाईला नावं ठेवत होती, आणि बायका तिच्याभोवती खुर्च्या ओढून बसल्या होत्या.

रविवारी सकाळी सगळे माझ्या अंगणात उरलेलं खायला जमले. निकोलासाने पर्स खांद्याला लावली आणि म्हणाली, "चला, मला सोडा. कोंबड्या उपाशी असतील."

निकानोर माझ्याकडे बघायला लागला. मी कासिमीरोकडे. कासिमीरोने डोळ्यांवर हॅट ओढली. आणण्याचा विचार आम्ही आठवडाभर केला होता. नेण्याचा कुणीही केला नव्हता.

"आता झगा नाही," निकानोर हळूच म्हणाला. "ती दिसेल."

"तुम्ही तिघं मिळून एक माणूस होत नाही," निकोलासा म्हणाली आणि पर्स पुन्हा खुंटीला लावली.

रविवारी संध्याकाळी वळणावर शेरीफच्या दोन गाड्या उभ्या होत्या. सोमवारीही. लास मोरासची शेजारीण कोंबड्यांना दाणे टाकते आहे. निकोलासाने माझ्या स्वयंपाकघरातली भांडी हलवली, मसाल्याचे डबे धुतले, आणि ओब्दुलिया तव्याला इतकं तेल का लावायची यावरून माझ्याशी भांडली. मी ओब्दुलियाच्या बाजूने भांडलो. बाहेर निकानोर आणि कासिमीरो रोज नवे बेत करतात. कालचा बेत पियानोच्या खोक्याचा होता, पण गावात कुणाकडे पियानो नाही. कासिमीरो म्हणतो, तो तिला पुढच्या सीटवर बसवून उघड नेईल. निकोलासा नाही म्हणते. स्वतःसाठी आली नाही, ब्रिसेइदासाठी आली, आणि स्वतःसाठी ती त्याला धोक्यात घालणार नाही.

आज मंगळवार. निकोलासाला घरी पोचवायचं अजून राहिलं आहे.